कुणाचीच नसलेली घंटी

गिल, २९ सप्टेंबर २००१

मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, ज्याच्या त्याच्या वाड्यात गेल्या, हाकायला आलेले पाहुणे पांगले, आणि मी मात्र राहिले. बाबाला वाटत होतं की मी दरवर्षीसारखी दोन दिवस कळप हाकून परत रेक्याविकला पळणार. आज माझ्या गाडीतून सिंथेसायझर, मिक्सर आणि वायरींची खोकी निघायला लागली तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता.

"हे सगळं मेंढ्या मोजायला?"

"अल्बम करायचाय बाबा. इथेच, जुन्या दुधाच्या खोलीत."

"पहिल्याचं काय झालं?"

"तुला माहितीये काय झालं."

"इंगवेल्दुरने दुकानात लावला होता. गिऱ्हाइकं म्हणाली, फ्रीज बिघडलाय."

आमच्या बँडचं नाव थोका, म्हणजे धुकं. राजधानीतल्या एका शहाण्याने लिहिलं होतं की नाव अगदी सार्थ आहे, आत काहीही दिसत नाही. बँड म्हणजे तरी काय, मी आणि सोल्वी. सोल्वीने स्पष्ट सांगितलंय की हाही अल्बम पडला तर तो कोपनहेगनला नोकरी धरणार. मग थोका संपलं. मी तेहतीस वर्षांची होईन आणि हातात काय, तर बिघडलेल्या फ्रीजची कीर्ती.

पण या वेळची कल्पना पक्की आहे. लहानपणी आमच्या खोऱ्यातली नऊ घरं एकाच टेलिफोनच्या तारेवर होती. कुणीही हँडल फिरवलं की नऊही घरांत घंटी वाजायची. प्रत्येक घराची खूण वेगळी. तुंगाची दोन लांब, एक आखूड. बाक्कीच्या तीन आखूड. आमची, गिलची, लांब-आखूड-लांब. नुसती एक लांब वाजली की ती एक्स्चेंजसाठी. आपली खूण असेल तर उचलायचा. नसेल तरी उचलायचा, फक्त बोलायचं नाही. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे ते तारेला होते.

आई तर त्यात तरबेज होती. आधी लंबकाचं घड्याळ थांबवायची, कारण टिकटिक ऐकून पलीकडचे ओरडत, "गिलवाले ऐकतायत, घड्याळ वाजतंय!" मग रिसीव्हर खांदा आणि कानात दाबून ती विणत बसे. एकदा कुणीतरी कुणालातरी मटणात किती मीठ घालायचं ते सांगत होतं, आणि आईला राहवेना. "अगं, एवढं नको, खारट होईल," ती बोलून गेली. चार घरांतून हसू आलं. तारेवर एकेक कान वाढला की आवाज आणखी बारीक होई. डॉक्टरशी बोलताना लोक विनवणी करत, "बाबांनो, ठेवा आता खाली," आणि मग खट, खट, खट असे आवाज येऊन डॉक्टर स्पष्ट ऐकू यायचा. मी सात वर्षांची असताना आई गेली, पण ते घड्याळ थांबवणारं तिचं बोट मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

तर प्रत्येक घराची घंटी ताणायची, वितळवायची, एकावर एक रचायची, आणि एकेका घराचा एकेक तुकडा करायचा. रात्रीच्या जेवणाला बाबाने चमच्याने टेबलावर सगळ्या खुणा वाजवून दाखवल्या. एकही चुकली नाही.

"आणि ती एकटी?" मी विचारलं. "एकच आखूड. हँडलचा जेमतेम अर्धा फेरा. रेडिओवरचं हवामान संपलं की वाजायची बघ. मी अंथरुणात असायचे. एक वाजे, मग थोड्या वेळाने आणखी एक. ती कुणाची?"

"तशी नव्हती."

"होती रे."

"वारा असेल," तो म्हणाला आणि बॅरोमीटर बघायला स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात गेला. तेव्हाही हवामान संपलं की तो बॅरोमीटर बघायला उठायचा. बॅरोमीटर टेलिफोनच्या शेजारीच टांगलेलं असे. टेलिफोन जाऊन अठरा वर्षं झाली, भिंतीवर चार स्क्रूंची भोकं राहिली, पण बाबाची सवय काही गेली नाही.

२ ऑक्टोबर

शेवटचा तुकडा मला त्या एकट्या घंटीचाच करायचाय. बाकीच्या आठवणी गोड आहेत, पण ही वेगळी. ती वाजली की घर शांत होई आणि मला झोप लागे. कुणाची होती ते कळल्याशिवाय तिला हात लावणार नाही.

म्हणून दुकानात गेले. इंगवेल्दुर दुकान चालवते, चर्चमध्ये पेटी वाजवते, आणि त्या काळी एक्स्चेंज तिच्याच स्वयंपाकघरात होतं. तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"एक आखूड? छे गं. वीज चमकली की घंटा आपोआप वाजत."

"रोज हवामान संपल्यावर वीज?"

"आपलं हवामानच तसं," ती म्हणाली आणि कॉफी ओतायला वळली.

तुंगाचा ओफेगूर तिथेच तंबाखू घेत होता. तो म्हणाला, "तुझे कान लहानपणी सारखे फुटायचे. तुझी आई गरम तेल घालायची. तेच वाजत असेल." आणि दोघं खो खो हसले. आणखी दोन-तीन घरी फोन केले. सगळीकडे तेच. वारा, वीज, लहान पोराचं स्वप्न. शेजाऱ्याच्या मेंढीच्या कानाला पन्नास वर्षांपूर्वी कुठे खाच होती ते यांना पाठ, आणि रोज वाजणारी घंटी विसरले! चीड आली.

निघताना इंगवेल्दुरने बातमी दिली. बाक्कीची दिरफिन्ना जागा विकतेय. रेक्याविकचा कुणी वकील घेतोय, उन्हाळ्यात मासे धरायला. हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी ती अकुरेरीला भाचीकडे जाणार, कायमची. मेंढ्या तर या वेळी कळपातूनच विकल्या.

जेवताना बाबाला सांगितलं. दिरफिन्ना आमची सख्खी शेजारीण. तिची आणि आमची हद्द एकच. पण या दोघांचं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. मेंढ्यांच्या वाड्यावर समोरासमोर उभे राहतील, पण बोलणार नाहीत. तिच्या घरात मी बाबाला कधी जाताना पाहिलं नाही, तिला आमच्या घरात येताना नाही. मला वाटलं, बातमी ऐकून त्याला बरंच वाटेल.

त्याने काटा खाली ठेवला. "मग कुंपण कोण बघणार?"

"नवा मालक बघेल."

"त्याला काय कळतंय," तो म्हणाला आणि मटण तसंच टाकून उठला. ते कुंपण म्हणजे त्याचा जीव. दर वसंतात आपला अर्धा भाग दुरुस्त करतो आणि लगे हाथ तिचाही अर्धा करून टाकतो. तिला हातसुद्धा लावू देत नाही. एवढी खुन्नस मी दुसरीकडे पाहिली नाही.

७ ऑक्टोबर

सोल्वी आला. येताना कुठल्याशा जुन्या बाजारातून हँडलचे दोन टेलिफोन आणलेत, लाकडी, घंटा जागच्या जागी. शहरात वाढलेला पोरगा, त्याचे बूट बघून बाबाला हसू आलं.

टेलिफोन एकमेकांना जोडून खोलीतच वाजवले. आवाज कोरडा आला, खेळण्यासारखा. सोल्वी म्हणाला, "मधे अंतर हवं. लांबलचक तार हवी, वारा खाणारी." मग खिडकीतून बाहेर बघत बसला. खिडकीतून दिसतं काय, तर बाबाचं कुंपण. सरळ बाक्कीपर्यंत.

"स्टेनवोर, ते लोखंडी आहे ना? तार म्हणून तेच वापरू. खांब लाकडी, खाली एकेक कांब जमिनीत ठोकली की झालं काम. एक टेलिफोन इथे, दुसरा त्या बाईकडे."

मला वाटलं, आता बाबा आकाशपाताळ एक करणार. भीत भीतच विचारलं. तो टोपी हातात फिरवत राहिला.

"ती हो म्हणाली?"

"अजून विचारलं नाही."

"पाऊस झाला तर ओले खांब आवाज खातील," तो म्हणाला. "वरची तार घ्या. खालची ठिकठिकाणी जमिनीला टेकलीय." आणि कोट घालून बाहेर गेला. अंधार पडेपर्यंत खांबांवर रबराचे तुकडे ठोकत होता, आमच्या भागात आणि तिच्या भागातही. जुन्या टायरचे. मी न सांगता.

"तुझा बाप मला आवडला," सोल्वी म्हणाला. म्हटलं, त्याला नुसतं कुंपण आवडतं, त्याचा गैरसमज करून घेऊ नकोस.

११ ऑक्टोबर

बाक्कीला टेलिफोन बसवला. घरात निम्मं सामान खोक्यांत गेलेलं. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. दिरफिन्नाने आम्हाला लोणी लावून सुका मासा दिला, वर क्लायना, पीळ देऊन तळलेल्या गोड पुऱ्या. उंच, ताठ बाई. नवरा नदीत वाहून गेला तेव्हा तिशीचीही नव्हती. तेव्हापासून एकटी.

"कुठे बसवू?" सोल्वीने विचारलं.

"जिथे होता तिथेच." तिने पलंगाच्या उशाकडे बोट दाखवलं. तिथेही चार भोकं होती.

मी तिलाही त्या एकट्या घंटीबद्दल विचारलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "तुला ऐकू यायची?"

म्हणजे होती तर! पहिल्यांदाच कुणी कबूल केलं. "कुणाची होती?"

"कुणाचीच नाही. म्हणून तर कुणी उचलत नसे." आणि लगेच सोल्वीला विचारलं, की बाळा, आणखी एक मासा खाणार का.

खोकी उचलायला मदत करता करता मी म्हटलं, एवढी वर्षं एकटी कशी राहिलीस?

"विचारलं होतं एकाने. म्हणाला, मेंढ्या घेऊन माझ्याकडे ये. मी म्हटलं, तू तुझ्या घेऊन माझ्याकडे ये. माझं गवत सरस आहे." तिने टेपने खोकं बंद केलं. "झालं. तो आपल्या गवतावर, मी माझ्या."

"मेंढ्यांपायी?"

"तुला हसू येतंय. ज्याच्या मेंढ्यांच्या कानावरची खूण गेली त्याचं घर गेलं. तो तरी का सोडेल आणि मी तरी का सोडीन?" मग हळू म्हणाली, "आता विकल्याच म्हणा. गंमतच आहे."

कोण असेल तो गाढव? वरच्या अंगाचा कुणीतरी असणार. परतताना मी सोल्वीला म्हटलं, या जुन्या लोकांच्या डोक्यात मेंढ्याच भरलेल्या. तो कुंपणाच्या टायरच्या तुकड्यांकडे बघत चालला होता. म्हणाला, "स्टेनवोर, तुझे कान चांगले आहेत. डोळ्यांचं काय?" मला अशा कोड्यातल्या बोलण्याचा कंटाळा येतो.

१४ ऑक्टोबर

आज पहिली चाचणी. सोल्वी बाक्कीला गेला, मी इथे यंत्र लावून बसले. आमचा टेलिफोन बाबाने स्वतः बोळात बॅरोमीटरशेजारी बसवलाय, जुन्याच भोकांत. स्क्रू नेमके बसले.

तुंगाची खूण आली, मग आमची, मग बाक्कीची. काय आवाज सांगू! कुंपणातून वारा गुणगुणत होता आणि त्यावर ती घंटी थरथरत येत होती. खोलीत बसून सात वर्षांची झाले मी. आईच्या विणकामाच्या सुयांचा आवाजही ऐकू येईल असं वाटलं. रडले थोडी, लाज कसली.

शेवटी सोल्वीने हँडल तपासायला म्हणून अर्धा फेरा दिला. टिर्र. एवढंच. स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. धावत गेले तर बाबा बोळाच्या दारात उभा, पायाशी कपाचे तुकडे, आणि चेहरा पांढराफटक.

"कोण होतं?"

"सोल्वी रे. हँडल बघत होता."

"पोरटं," तो म्हणाला. खाली बसून तुकडे गोळा करायला लागला आणि बोट कापून घेतलं. त्याचं वय झालंय हे मला आज पहिल्यांदा जाणवलं. एवढ्याशा आवाजाने दचकला. त्याच्या हृदयाची तपासणी करून घ्यायला हवी.

२१ ऑक्टोबर

आठवडाभर डायरी लिहायला फुरसत नव्हती. नऊ घरांचे नऊ तुकडे झाले. तुंगाचा तर असा जमलाय की सोल्वी खुर्चीवर उभा राहिला. घंटी ताणत ताणत गोगलगाईइतकी संथ केली की तिच्या पोटातून एक पेटीसारखा सूर निघतो. बाक्कीच्या तीन आखूड टोल्यांवर आम्ही सगळा ताल उभा केला. मला खात्री आहे, हा फ्रीज नाही.

अडलंय ते शेवटच्यापाशी. एकटी घंटी मी वाजवून पाहिली, सोल्वीने वाजवून पाहिली. शंभर तऱ्हा केल्या. नुसता आवाज येतो, घर शांत होत नाही. ती वाजवणारा हात वेगळा होता. सोल्वी म्हणतो, नऊ तुकड्यांचाच अल्बम देऊ. मी नाही म्हटलं. त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. "कुणी वाजवली ते तुला कळत नाही आणि अल्बम अडवून बसलीयस! कोपनहेगनवाले माझी वाट बघत बसणार नाहीत." दार आपटून गेला. त्याचं खरंय, आणि मी हटणार नाही.

बाबा खात नाही. वाटाण्याचं सूप आणि खारं मटण, त्याचं आवडतं, तेही परत केलं. वर आढ्याकडे बघत बसतो. आमच्या आवाजाचा त्रास होत असेल. मी विचारलं, आम्ही बंद करू का? तर म्हणाला, "नको. तार राहू दे." मग जरा वेळाने, "शनिवारपर्यंत तरी."

शनिवारी हिवाळ्याचा पहिला दिवस. दिरफिन्ना जाणार, तो टेलिफोनही निघणार.

२६ ऑक्टोबर

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सोल्वी दुकानात गेला होता, इंगवेल्दुरने जेवायला बोलावलं म्हणून. मी दुधाच्या खोलीत एका कानाला हेडफोन लावून होते. माझी वायर टेलिफोनच्या तारेला चिमट्यांनी जोडलेली, टेप चालू. वाऱ्याची शेवटची गुणगुण मिळाली तर हवी होती. उद्या कुंपण पुन्हा नुसतं कुंपण होणार. स्वयंपाकघरात रेडिओवर हवामान चाललं होतं. उत्तरेचं वादळ, समुद्रावर इशारा. बाबाने रेडिओ बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग तो उठला, बॅरोमीटर बघायला.

आणि वाजली.

एक आखूड. हँडलचा अर्धा फेरा, त्याहूनही जरा कमी, शेवटी किंचित रेंगाळलेला. तीच. घर शांत झालं. मी टेपकडे पाहिलं, चालू होती. मिळाली! अल्बम पुरा झाला म्हणून मी ओरडणारच होते.

पण तारेच्या दुसऱ्या टोकाला सोल्वी नव्हता. तिथे एकच माणूस होतं, पलंगाच्या उशाशी. आणि या टोकाला, बोळात, बॅरोमीटरपाशी, माझा बाप उभा होता. एक वाजायची, मग थोड्या वेळाने आणखी एक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी खोरंभर विचारत हिंडले. तो रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत उठून जात होता.

मी दुसऱ्या घंटीची वाट पाहिली. ती आली नाही. त्याऐवजी खट आवाज झाला. त्याने रिसीव्हर उचलला.

हेडफोनमध्ये नुसता श्वास. मग खूप लांबून, अगदी पुसट, तिचा आवाज. "उचललास?"

"अं? ऐकू येत नाही!"

"म्हटलं, उचललास तू."

"काय? मोठ्याने बोल!"

ऐकू कसं येणार? ओले खांब निम्मा आवाज खात होते आणि उरलेला माझं यंत्र खात होतं. तारेवर तिसरा कान होता, माझा. अशी चीज आयुष्यात पुन्हा मिळणार नाही हे मला कळत होतं. दोन म्हातारी माणसं, एक कुंपण, आणि चालू टेप. खोटं का लिहू, माझा हात जागचा हलेना. पण बाबा बोळातून पुन्हा "काय? काय?" म्हणाला, इतक्या काकुळतीने की डॉक्टरच्या वेळी लोक करत ती विनवणी आठवली. मी हेडफोन काढले आणि दोन्ही चिमटे उपटले.

"आता येतंय!" बाबा ओरडला. "आता स्पष्ट येतंय!"

मी गोठ्याकडे निघाले, ऐकायचं नाही म्हणून. पण त्याच्या पिढीला टेलिफोनवर हळू बोलणं ठाऊक नाही. अंगणात वारा घोंघावत असतानाही शब्द न् शब्द बाहेर येत होता.

"मेंढ्या राहू देत! मी काय म्हणतोय? मेंढ्या इथेच राहू देत, मीच येतो!... तुझं गवत सरस, बरं! सरस! झालं समाधान?... आत्ता. आत्ताच येतो."

जरा वेळाने तो बाहेर आला. चर्चचा काळा कोट, खाली रबरी बूट, हातात बॅटरी. मला बघून थबकला.

"सकाळी मेंढ्यांना चारा घाल."

"तू कुठे चाललास?"

"कुंपण बघून येतो," तो म्हणाला. आणि तारेला एक हात लावून, खांबामागून खांब, बाक्कीच्या दिशेने चालायला लागला. मी त्याची बॅटरी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. नुसतं वाटत राहिलं, एवढी वर्षं मी काय ऐकत होते?

३० ऑक्टोबर

वकिलाला कळवलं की बाक्की विकायची नाही. खोकी पुन्हा उघडली. बाबा सकाळी येतो, मेंढ्या बघतो, दुपारी जातो. मी काही विचारत नाही, तो काही सांगत नाही. जाताना म्हणाला, "तिकडे बॅरोमीटर नाही," आणि आमचं काढून घेऊन गेला.

सोल्वीने टेप ऐकली. एक घंटी, मग खट, मग श्वास, तीन-चार पुसट शब्द, मग चिमट्यांचा कर्कश आवाज, आणि पुढे कोरी टेप. तो म्हणाला, "पुढे काय झालं?"

"माहीत नाही. मी ऐकलं नाही."

"खोटारडी."

शब्द मी पुसून टाकले. शेवटच्या तुकड्यात ती एक घंटी ठेवली, कुठेही न ताणता, न सजवता, आणि तिच्यामागे नुसती कोरी टेप, बराच वेळ. सोल्वी म्हणाला, लोकांना वाटेल, तबकडी बिघडली. म्हटलं, वाटू दे. तो कोपनहेगनबद्दल पुन्हा बोललेला नाही.

८ डिसेंबर

आज खोऱ्याच्या हॉलमध्ये अल्बम ऐकवला. शहराआधी इथे, हे मी आधीच ठरवलं होतं. फ्रीज म्हणणारे सगळे समोर, मांडीवर कॉफी आणि पॅनकेक.

पहिला तुकडा तुंगाचा. संथ गुणगुण सुरू झाली, लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग त्या गुणगुणीतून खूण वर आली, दोन लांब, एक आखूड, आणि ओफेगूर आपसूक उठून ओरडला, "तुंगा बोलतंय!" हॉलभर हशा. पुढच्याला पुढचं घर. कोण मेलेल्या आईच्या आवाजात "हां, बोला" म्हणतंय, कोण ओरडतंय, "ठेवा खाली, ऐकताय चोरून!" बाक्कीच्या तीन आखूड आल्या तेव्हा दिरफिन्ना उठली नाही. बाबाच उठला. "बाक्की बोलतंय," तो म्हणाला, घोगऱ्या आवाजात, आणि कानापर्यंत लाल होऊन बसला. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. म्हाताऱ्या रडत होत्या आणि हसत होत्या. मी पण.

मग शेवटचा तुकडा. एक आखूड. अर्धा फेरा.

कुणी हललं नाही. ओफेगूरचं हसू तोंडावरच राहिलं, मग तो कपात बघायला लागला. सगळे जुने लोक कपात बघायला लागले. मागे कुठलंसं पोर म्हणालं, "ही कुणाची?" आणि त्याच्या आजीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. कोरी टेप चालत राहिली, आणि अख्खा हॉल मान खाली घालून गप्प बसला, जणू कुणाच्या घराच्या उघड्या दारासमोरून जातोय. तिसऱ्या रांगेत बाबा आणि दिरफिन्ना समोर बघत बसले होते, टोपी दोघांच्या मधे.

वारा नाही, वीज नाही. यांना सगळ्यांना ठाऊक होतं.

नंतर इंगवेल्दुर कप धूत होती. मी पुसायला उभी राहिले. "फ्रीज बरा झाला गं," ती म्हणाली.

"तू एक्स्चेंजवर होतीस," मी म्हटलं. "नऊ घरं. मटणातलं मीठसुद्धा चोरून ऐकायचात. एवढ्या वर्षांत ती वाजल्यावर एकानेही रिसीव्हर उचलला नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अचाट विचारलंय.

"आपण कशाला उचलायचा? आमची नव्हती ना ती."